जुव्यावरचा पहिला घोट

येसूकाकी सकाळी चहाच्या आधी विहिरीचं पाणी प्यायची. एक घोट तोंडात धरून, डोळे मिटून, या गालातून त्या गालात फिरवायची. मग गिळायची आणि कळशा घेऊन खोळंबलेल्या बायकांना सांगायची, "गोड आसा, भरा गो!" तोवर कुणी दोराला हात लावत नसे. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. त्या जुव्यावर घरं अकरा होती आणि पिण्याच्या पाण्याची विहीर एकच. पहिल्या घोटाचा मान काकीच्या सासूचा होता, तिच्यामागे तो काकीकडे आला.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये मी मसुऱ्याहून तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेवर रुजू झालो. सोमवारी होडीने जायचं, शनिवारी परतायचं. पहिल्याच दिवशी पायांचा चिखल धुऊन शाळेकडे निघालो, तर काकीने वाटेतच अडवलं. "मास्तरानु, आधी पाणी घेवा. शाळा खंय पळान जाता?" मी तांब्या रिकामा केला. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध हे असं! तसं मी बोलून दाखवलं, आणि त्या दिवसापासून तिने मला कामालाच लावलं. दर सोमवारी मी होडीतून उतरलो की तिचा पेला तयार असे. "आमची जीब ह्याच पाण्यार वाढली. ती सवयीक भुलता. तुमी भायरचे, तुमी काय ता खरा सांगा."

ही काही नुसती हौस नव्हती. सासूच्या काळात एकदा पाण्याला खारटपणा आला होता. सासूने सांगताच अकराही घरांतली माणसं फावडी घेऊन बाहेर पडली, आठ दिवस खपून खाडीचं पाणी अडवणारा बांध उंच केला, विहीर उपसली, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा गोड झालं. "बांध फुटता तो दिसता," काकी म्हणायची, "पाणी बिघडता ता दिसणा नाय. ता चाखूकच व्हया."

माझी थट्टा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला पोहता येत नाही हे कळल्यावर तर तिला ऊतच आला. "मास्तरानु, व्हडी उलटली तर काय पाढे म्हणतलात?" हे ती मुलांसमोर विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सतराचा पाढा कुणी सरळ म्हणत नसे.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग उधाणं चढू लागली. "दर्या आधी बांधार होतो, आता पडयेत इलो," काकी सांगायची आणि पडवीतली ओली चूल घरात हलवायची. भातखाचरांवर मिठाची पांढरी खर दिसू लागली, बांधालगतच्या माडांचे शेंडे वाळले. एका सोमवारी मी पेला तोंडाला लावला आणि जिभेला मीठ लागलं. चिमूटभरच, पण लागलं.

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या दत्तूसाठी तेव्हा मुली बघणं सुरू होतं, आणि विहिरीचं नाव खराब झालं तर जुव्यावर मुलगी कोण देणार? पाऊस आला की धुऊन जाईल, असं मी मनाला समजावलं आणि म्हणालो, "गोड आसा, काकी." ती बायकांकडे वळून ओरडली, "मास्तर म्हणतत गोड!"

पावसाने थोडं धुतलं. पुढच्या वर्षी खारटपणा वाढला, आणि आता कुठल्या तोंडाने सांगणार? सोमवारच्या पेल्याला मी गोडच म्हणत राहिलो, आणि एरवीसाठी पोटाचं निमित्त करून घरून पाण्याचा कॅन आणू लागलो. माझं पोट बिघडलंय म्हणून काकी मला मुद्दाम कोकमाचं सार करून पाठवायची. त्याच पाण्यात केलेलं. मी ते मुकाट्याने प्यायचो.

तिसऱ्या वर्षी मसुऱ्याकडचं एक स्थळ आलं, तेही माझ्याच ओळखीचं. त्या दिवशी होडीत मी दोन कॅन भरून ठेवले होते. पाहुण्यांना हे पाणी द्या, एवढंच काकीला सांगायचं होतं. धीर झाला नाही. काकीने स्वतः पाणी शेंदून आणलं, गुळाचे खडे पुढे ठेवले. मुलीच्या बापाने एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"वयनी, पाण्यात मीठ पडला काय?"

"नाय हो, आमच्या बावीचाच पाणी," काकी हसून म्हणाली.

माणूस सज्जन होता. त्याने आवाज चढवला नाही. "माझा चेडू ह्या पाण्यार कसा र्‍हवतला?" एवढंच म्हणाला. पुढच्या ओहोटीच्या आत पाहुणे निघून गेले.

काकी विहिरीच्या कठड्यावर बसली होती. "मास्तरानु, कदीपासून?"

"तीन वर्सां झाली, काकी."

"आणि तुमी दर सोमारी गोड म्हणून सांगलात?"

तिने त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन पाणी बिघडल्याचं सांगितलं. पण त्या तीन वर्षांत तरणी माणसं कुडाळ-कणकवलीला नोकरीवर गेली होती. फावडी धरायला चार जण निघाले, त्यांतली एक काकी. पाच दिवस त्यांनी माती टाकली. पुढच्या अमावस्येचं उधाण त्या बांधावरून सरळ विहिरीत उतरलं. तीन वर्षं आधी अकरा घरांनी बांध घातला असता तर तो टिकला असता का? दर्या असा चढत असताना कदाचित नसताही टिकला. पण तो घालायची संधी मी त्यांच्याकडून काढून घेतली, हे खरं आहे. काकीने पुन्हा पहिला घोट घेतला नाही. शाळा बंद झाली, मी बदली घेतली, घरं एकेक करून मोकळी झाली.

दत्तूने कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत काम धरलं आणि आईला आपल्या खोलीवर नेलं. दोन हजार दहामध्ये, ती जाण्याच्या महिनाभर आधी, मी तिला भेटायला गेलो. खूप वाळली होती. तिने उठून मला नळाचं पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"कसा आसा? माका आता कायच कळणा नाय."

मी पेला रिकामा केला. पाणी चांगलं होतं. "गोड आसा, काकी. शपथ घेवन सांगतंय."

तिने रागावावं असं मला फार वाटत होतं.

"तेवाय तुमी ह्याच सांगलात," ती हळूच म्हणाली, आणि दारात जाऊन शेजारणीला हाक मारली, "गो, जरा हंय ये. ह्या पाणी चाखून बघ."