शेवटच्या घरचं पाणी

रविवारची दुपार, पोटात पुरणपोळी, डोक्यावर पंखा. अशा वेळी माणसाने आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण स्नेहल हालगे शिकून दंतवैद्य झालेली असल्यामुळे तिला ते कळत नाही. उशीला टेकून ती मोबाइल बघत पडली आहे. सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणासाठी तिला तीन ठिकाणी जागा मिळाली आहे, आणि त्यातल्या परदेशातल्या विद्यापीठाला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आहे. नाही कळवला तर जागा गेली. पडद्यावर त्यांची काचेची इमारत, पुढे निळंशार तळं, तळ्याकाठी हसणारी पोरं. पोरांचे दात चांगले आहेत, एवढं तिला कळतं. मग पापण्या जड होतात आणि तळ्यातलं पाणी हलायला लागतं.

पलंगाची कड खचते. कुणीतरी येऊन बसलं आहे.

"झोपायलीस होय? झोप. जगाचं आरोग्य सुधारणाऱ्यांनी झोप पुरी घ्यावी."

शकुंतला आत्या. बाबांची थोरली बहीण. तालुका आरोग्य अधिकारी म्हणून रिटायर झाली आणि मागच्या दिवाळीआधी काविळीने गेली. ती गेलेली आहे हे स्नेहलला पक्कं ठाऊक आहे, पण असं कुणाच्या तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही. ती सरकून जागा करते.

"दाखव," आत्या म्हणते आणि मोबाइल हिसकावून घेते. "हे काय? हॉटेल आहे का?"

"विद्यापीठ आहे आत्या. जगात नाव आहे त्याचं."

"आणि या तळ्याचं पाणी कोण पितं?"

"कुणी नाही. ते नुसतं आहे."

"नुसतं!" आत्या नाक मुरडते. "लोकांच्या आरोग्याची शाळा, आणि दारातलं पाणी फोटोपुरतं. शाब्बास."

दोघी आता तळ्याच्या काठावरूनच चालत आहेत. काठाला गवत नाही, विहिरीचा कठडा आहे, आणि कठड्यावर शेवाळ. काचेची इमारत मागे आहे, पण तिच्या दारात म्हशी बांधल्या आहेत. स्नेहलला यात काही वावगं वाटत नाही.

"दुसरं कुठलं?"

"मोठ्या शहरातलं. तिथं शिकलं की सरकारात मोठ्या जागी जाता येतं."

"एसीत बसून गावांना पत्रं पाठवता येतात, असं म्हण की. मला यायची ना ती पत्रं. पावसाळा संपल्यावर पावसाळ्यात घ्यायची काळजी. आणि तिसरं?"

"ते लांब आहे, एका खेड्याशेजारी. पत्र्याचे वर्ग आहेत. वेबसाइटसुद्धा धड उघडत नाही."

"माहीत आहेत असले. खादीचे झोळे, ज्वारीची भाकरी, आणि गरिबीवर भाषण. दोन वर्षांनी झोळा खुंटीला अन् पोरगी दिल्लीला."

स्नेहलला आता राग येतो. मेलं तरी या बाईच्या जिभेला हाड नाही. "तुला काहीच पसंत नाही. मी काय डोळे मिटून ठरवते आहे का? तिन्ही ठिकाणी फोन केले. प्राध्यापकांशी बोलले, जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले."

"कोणत्या जुन्या विद्यार्थ्यांशी?"

"त्यांनीच नंबर दिले."

आत्या मधेच थांबते आणि पोट धरून हसते. कठड्यावरचे कावळे उडून जातात.

"म्हणजे सरपंचाच्या नळाचं पाणी घेतलंस! अगं येडे, माझ्याबरोबर गावोगाव हिंडलीस लहानपणी. पाण्याची तपासणी कुठं करायचे मी?"

हे मात्र स्नेहलला झोपेतही आठवतं. साहेब येणार म्हटलं की गावातली माणसं सरपंचाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ओततात आणि तिथलंच पाणी पुढे करतात. नळीत घेतलेल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं, म्हणजे पाणी शुद्ध. साहेब खूश, गाव खूश. आत्या तिथला चहा प्यायची, पाण्याला हात लावायची नाही. गल्लीच्या टोकाला, जिथे पाइप संपतो त्या घरी जाऊन म्हणायची, बाई, तांब्याभर पाणी दे.

"शेवटच्या घरी," स्नेहल म्हणते.

"मग शाळेचं शेवटचं घर कोणतं? विचारलंस, तिथून मधेच कोण निघून गेलं? ज्या गावांवर ही पोरं शिकतात, त्या गावांना विचारलंस, की बाबा, ही परत येतात का?"

"त्या पत्र्याच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या," स्नेहल कुरकुरते. "आधी आमच्या गावात चार दिवस राहा, लोकांना विचारा आम्ही कसे आहोत, मग ठरवा. मला रागच आला. ॲडमिशन देताहेत की उपकार करताहेत?"

आत्या हसत नाही. प्रथमच तिच्या तोंडी टोमणा नाही.

"शेवटचं घर त्यांनी स्वतः दाखवलं," ती सावकाश म्हणते, "आणि तुला राग आला."

तळ्याच्या काठाची आता गल्ली झाली आहे, आणि तीही संपते. शेवटच्या घराचं दार ढकललं तर आत त्यांच्याच बिल्डिंगची गच्ची आहे. तीच पाण्याची टाकी, तेच तिरकं झालेलं झाकण. खाली तीन डॉक्टर, दोन प्राध्यापक आणि एक पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर राहतात. स्नेहलचं घरही खालीच, आत्याचंही तिथेच होतं. आत्या टाकीतलं पाणी नळीत घेते, थेंब टाकते, नळी उन्हात धरते. पाणी जरासुद्धा पिवळं होत नाही.

"आयुष्यभर गावांना टाक्या उघडायला लावल्या," आत्या म्हणते. "सरपंचांच्या शिव्या खाल्ल्या. इथे राहायला आले आणि एकदाही वर चढले नाही. म्हटलं, शिकलेल्यांची बिल्डिंग आहे."

"आत्या..."

"रडू नको. माझ्यासारखी शहाणी बाई काविळीने मरावी, यात रडण्यासारखं काय आहे? हसण्यासारखं आहे. शोकसभेत काय काय बोलले गं माझ्याबद्दल?"

"सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. बिल्डिंगच्या हॉलला तुझं नाव दिलं."

"आणि टाकी धुतली?"

हॉलच्या पाटीखाली फुलांची रांगोळी काढली होती, एवढंच स्नेहलला आठवतं. आत्याची तिला इतकी आठवण येते की ती मेलेल्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडते. आत्या तिला थोपटत नाही, तिला ते कधी जमलंच नाही. ती बादलीत पावडर कालवते, कोपरापर्यंत हात घालून ढवळते, टाकीत ओतते, आणि हात पुसायला दुसरं काही नाही म्हणून स्नेहलच्या जांभळ्या ओढणीला पुसते.

"माझ्या नावानं शिकू नको," ती म्हणते. "माझ्या नावाचा हॉल आहे, तेवढा पुरे."

पंखा घरघरतो आहे. ऊन भिंतीवरून सरकलं आहे. दारात बाबा चहाचा कप घेऊन उभे आहेत. "आमची स्नेहल परदेशी" असं त्यांनी साऱ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं आहे.

"दिलास ना होकार?"

"नाही बाबा. देणार नाही."

"अगं, जागा जाईल!"

"जाऊ दे."

स्नेहल त्यांच्यादेखतच पत्र्याच्या शाळेतल्या मॅडमना फोन लावते आणि विचारते, चार दिवस राहायला कधी येऊ. आवाजात झोप आहे, पण शब्द स्पष्ट आहेत. बाबा आईला हाक मारायला जातात.

आई येते ती भांडायच्या तयारीने. पण तिची नजर आधी ओढणीवर पडते. जांभळ्या कापडावर पाच बोटांचा फिकट, रंग खाऊन टाकलेला डाग आहे. आई तो नखाने खरवडते, नाकाशी नेते.

"ब्लीचिंग पावडर आहे ही," ती चक्रावून म्हणते. "आपल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ब्लीचिंग पावडर आहे कुणाकडं?"