होऊ च्याओनीचं तिकीट

फान वहिनी जाऊन आता दोन वर्षं झाली. तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगतो. नाहीतर माझ्या पोटात काही राहत नाही हे आमच्या सूतगिरणीच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाच्या सुनेनं माहेरी काय नेलं, कुणाच्या जावयाची नोकरी खरोखर आहे की नुसताच सकाळी डबा घेऊन बागेत जाऊन बसतो, हे सगळं तिसऱ्या इमारतीखालच्या माझ्या बाकावरून वसाहतभर जातं. पण ही एक गोष्ट मी इतकी वर्षं गिळून बसलो होतो. दोनदा ओठांवर आली, दोन्ही वेळा वर दारू ओतली.

वहिनी म्हणजे लाओ फानची बायको. लाओ फान माझा बुद्धिबळातला वैरी. पटावर त्याचा हत्ती अडवला की तीन दिवस बोलायचा नाही. त्याच्या फुप्फुसावर एका पानगळीत सावली दिसली. डॉक्टर म्हणाले, पाहू. वहिनी तडक ह्वेइयिन मंदिरात गेली, क्वानयिन देवीपुढं गुडघे टेकले, त्या बोधिसत्त्वाला नवऱ्याचं सांगून आली. आणि वसंत लागेपर्यंत ती सावली अक्रोडाएवढी झाली. ऑपरेशनचा दिवस ठरला, सोमवार, सकाळी अकरा.

त्या आधीच्या गुरुवारी वहिनी माझ्या बाकापाशी आली. कमरेवर हात, चेहरा असा की जणू माझ्या हातून तिचं भांडं फुटलंय.

"कुओ दादा, त्या मंदिराचं तिकीट मोबाइलवर काढतात म्हणे. शिकवा मला."

"शिकवायचं कशाला? कार्ड द्या, दोन मिनिटांत काढतो. आपल्या वयाला फुकट आहे."

"नाही. मीच काढणार."

"गिरणीच्या पेन्शनरांची बस जातेय ना पुढच्या आठवड्यात? जेवणासकट."

"पुढच्या आठवड्यात काय करू? सोमवारी अकराच्या आत जायचंय मला. मागच्या वेळी मी तिथं चुकीचं सांगून आले. ते दुरुस्त झालं नाही तर हा माणूस टेबलावरून उठायचा नाही."

"काय चुकीचं सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत बॉयलरच्या भोंग्यानं वाजेल. शिकवायचं तर शिकवा."

मी माझंच तिकीट काढून दाखवलं. सोमवार, आठ ते दहाची पाळी, नाव, अठरा आकडी ओळखक्रमांक. तिनं सगळं कागदावर उतरवून घेतलं, आणि घरी जाऊन, दार लावून, आपलं तिकीट आपण काढलं. खिडकीतून ओरडून सांगितलं, "निघालं!" मला वाटलं, चला, सुटली.

सोमवारी सकाळी मुलगा लेई इस्पितळात बापाजवळ होता. त्याला वहिनीनं सांगितलं होतं, की सपाता आणि थर्मास आणायला जाते. आम्ही सहा नंबरची बस धरली. तिच्या पिशवीत इस्पितळाची फाईल, खजूर लावलेले वाफेचे पाव आणि तीन सफरचंदं. वाटेत मी दोन चांगल्या भानगडी काढून पाहिल्या, तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

साडेनवाला फाटकाशी पोचलो. मी कार्ड यंत्रावर ठेवलं, दांडी फिरली, मी आत. वहिनीनं कार्ड ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल. आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "नाव जुळत नाही. कृपया सेवा खिडकीशी जा."

मागून एकजण म्हणाला, "आजी, बाजूला व्हा ना, दांडीला काय मिठी मारताय?"

"तुझ्या आजीला सांग," वहिनी म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. मी दांडीखालून वाकून बाहेर आलो. पहारेकरी ओरडला, की माझं तिकीट आता वापरून झालं. मी म्हटलं, होऊ दे.

सेवा खिडकीत एक पोरगी होती, गुबगुबीत, कामाची. तिनं कार्ड पाहिलं, पडदा पाहिला.

"आजी, कार्डावर नाव आहे होऊ युनश्या. तिकीट आहे होऊ च्याओनीच्या नावावर. क्रमांक मात्र तुमचाच. ही च्याओनी कोण?"

वहिनीनं कार्ड मागं ओढून घेतलं.

"बहीण आहे का? नात?"

मीच म्हटलं, "अगं, म्हातारं माणूस, चुकून टाइप झालं."

"मग सोपंय," पोरगी म्हणाली. "आजच्या पाळीची नवी तिकिटं संपली आहेत, पण नाव दुरुस्त करता येतं. इथं लिहून द्यायचं, की माझं नाव होऊ युनश्या, होऊ च्याओनी हे नाव चुकीनं पडलं, त्या नावाची व्यक्ती नाही. खाली अंगठा. पण दहाच्या आत हं. दहाला पाळी बंद होते."

तिनं शाईचा डबा पुढं सरकवला. वहिनीनं अंगठा उचलला आणि उकळत्या पाण्यावर नेल्यासारखा मागं घेतला. पिशवी घेऊन सरळ भिंतीकडं चालू लागली.

मी मागं धावलो. "अहो, काय झालं? नऊ चाळीस झाले!"

भिंतीशी ती खाली बसली. आणि मग बोलली. भराभर, माझ्याकडं न बघता.

"युनश्या माझी थोरली बहीण. गिरणीत गावातून एका घराला एक जागा मिळाली होती, तिच्या नावावर कागद आले होते. अठरा वर्षांची होती. निघायच्या आठ दिवस आधी तापानं गेली. आईनं तिला मळ्याच्या कडेला पुरलं, कुणाला कळवलं नाही, आणि तिचे कागद माझ्या हातात दिले. म्हणाली, आजपासून तू युनश्या. जागा गेली तर ही धाकटी चौघं काय खातील? मी पंधराची होते. तेव्हापासून मी युनश्या. लग्न त्याच नावानं, पोर त्याच नावानं, पेन्शन त्याच नावानं. फानलासुद्धा माहीत नाही."

चाळीस वर्षं समोरासमोर राहतो, हिच्या घरात कोणत्या दिवशी कोणती भाजी हे मला ठाऊक, आणि हे ठाऊक नाही! तुम्हाला खरं सांगतो, त्या घडीला मला आधी राग आला.

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसली होती. ती बोधिसत्त्वाला नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळखक्रमांकही सांगत होती. म्हणाली, आजी, माणसं किती आहेत, क्रमांक सांगितला की सापडतो. मीही सांगितला. युनश्याचा. युनश्याचं नाव, युनश्याची तारीख, युनश्याचा क्रमांक." तिनं माझी बाही पकडली. "दादा, बोधिसत्त्व शोधत गेली असेल आणि मळ्याच्या कडेला पोचली असेल. जी पन्नास वर्षं मातीत आहे तिच्या नवऱ्याला कशी वाचवणार? तिला नवराच नाही! इथं फानचा अक्रोड वाढला आणि तिथं तिच्या मातीवरचं गवत हललं असेल."

मी हसलो असतो एरवी. महिनाभर पुरली असती मला ही गोष्ट. पण तिनं माझी बाही सोडली नव्हती.

"मग खिडकीत खरं सांगा ना."

"आणि पेन्शन? पन्नास वर्षांची लबाडी म्हणून पेन्शन कचेरीवाले लेईच्या दारात उभे राहतील. ऑपरेशन कशावर चाललंय, माझ्या पेन्शनवर आणि त्याच्या पेन्शनवर."

"मग अंगठा द्या आणि आत चला. कागद बाहेरचा आहे. आत कोण कागद बघतंय?"

"आयुष्यभर अंगठाच देत आले. पगाराला दिला, लग्नाला दिला. आज बोधिसत्त्वाच्या उंबरठ्यावर देऊ? च्याओनी नावाची कुणी नाहीच, असं लिहून द्यायचं आणि आत जाऊन म्हणायचं, मी च्याओनी? ती ऐकेल?"

"मी जाऊन सांगू? तुमच्या वतीनं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही? दारापासून मूर्तीपर्यंत चौघांना सांगून झाल्यावर तिला सांगाल."

"आता तर मला आतही सोडायचे नाहीत," मी म्हटलं. "नऊ पन्नास, वहिनी."

ती उठली. धावत नव्हती, पण मी मागं पडलो. रांगेतल्या लोकांना कोपरानं ढकललं. एक बाई म्हणाली, "काय हो, मेल्यावर पुढच्या जन्माला जायची घाई असल्यासारखं!" वहिनी म्हणाली, "हो, तशीच घाई आहे." आणि खिडकीत हात घातला.

पोरीनं कागद वाचून दाखवला. त्या नावाची व्यक्ती नाही, हे वाचताना वहिनीनं डोळे मिटले. अंगठा इतका दाबला की शाई बाजूनं फुटून आली. मी माझ्या फुकट गेलेल्या तिकिटाचं रडगाणं लावलं, म्हटलं, म्हातारीला चक्कर येते, एकटीला सोडू नका. पोरीनं मोठा सुस्कारा सोडला आणि माझं नावही तिच्या कागदाखाली सोबती म्हणून घातलं. दहाला तीन मिनिटं कमी होती.

आत तिकिटावर तीन उदबत्त्या मिळतात. तिच्या हातून दोन मोडल्या. मी माझ्या दिल्या. तीन अंगणं ओलांडून आम्ही मागच्या मोठ्या दालनात पोचलो. तिथं गुडघे टेकायच्या चटयांना रांग होती. तीही संपली. वहिनी खाली बसली, पाव मांडले, सफरचंदं मांडली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली,

"मी होऊ च्याओनी."

बाजूचे दोघं वळून बघायला लागले. पन्नास वर्षांत चारचौघांत हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असावं. घसा खाकरून निघालं.

"माझा जन्म..."

आणि थांबली. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो.

"दादा, मी कधी जन्मले?"

मला काय ठाऊक!

"तोंडात तिचीच तारीख येतेय. माझी गेली. गेली हो दादा! नाव दिलं आणि तारीख नाही. नुसत्या नावानं कसं सापडेल? च्याओनी काय एक आहे?"

मी तिच्या मोबाइलवरून तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. तो गावी मेंढ्यांमागं होता. वारा इतका की अर्धं ऐकूच येईना.

"मी कधी जन्मले रे?" वहिनी दालनात ओरडली. शांतता राखा म्हणून सेविका धावत आली.

"काय? कोण मेलं?"

"मी! मी! कधी जन्मले?"

"ताई, मी तुझ्यामागून झालो, मला काय विचारतेस? बारा प्राण्यांतलं कुत्र्याचं वर्ष होतं. आई म्हणायची, बाजरी कापत होते. कापून झाल्यावर की आधी, ते नाही माहीत. का गं? भावजी कसे आहेत?"

तिनं फोन माझ्या हातात फेकला. सेविका म्हणाली, "आजी, मागं माणसं आहेत, आटपा." घड्याळात दहा पंचवीस. वहिनीनं दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. मला वाटलं, आता आडवी होते. पण तिनं कपाळ टेकलं आणि तशीच, जमिनीशी बोलू लागली.

"माझं राहू दे. मला शोधू नकोस. तारीख नाही, कागद नाही, मी सापडणार नाही. तू त्यालाच शोध. फान देशंग. ड्रॅगनच्या वर्षाचा, तिसऱ्या महिन्यातली सतरा तारीख, पहाटेचा जन्म." आणि मग त्याचा अठरा आकडी ओळखक्रमांक, एकही आकडा न अडखळता. स्वतःची जन्मतारीख विसरलेल्या बाईला तो पाठ होता. रुग्णालयाच्या खिडकीत किती वेळा सांगितला असेल. "गिरणीची वसाहत, इमारत तीन, दुसरा मजला, डावीकडचं दार. पण आत्ता तिथं जाऊ नकोस. शहराच्या इस्पितळात आहे. पाचवा मजला. खाट सव्वीस. डाव्या पायाच्या करंगळीला नख नाही, त्यावरून ओळख. व्हिनेगरशिवाय घास उतरत नाही त्याला. झोपेत घोरतो. पण आज भूल दिलेली असेल, घोरायचा नाही, आवाजावरून जाऊ नकोस."

"वहिनी," मी म्हटलं, "खाट बदलली काल रात्री, लेईनं कळवलं मला. चौदा. खिडकीजवळ हलवलाय त्याला."

ती ताडकन उठून बसली. "चौदा? आणि मी सव्वीस सांगितलं! सव्वीसवर कोण आहे?"

"कुणीतरी पित्ताशयवाला."

"चौदा!" ती मूर्तीकडं बघून ओरडली. "चौदा, खिडकीजवळ! सव्वीस नाही!"

सेविकेनं तिच्या दंडाला धरलं, पण ओढलं नाही. तेवढ्यात माझ्या हातातला तिचा मोबाइल थरथरला. लेईचा निरोप होता. "आई, कुठं आहेस? डॉक्टरांनी वेळ आधी घेतली. बाबांना आत्ताच आत नेलं."

मी तो तिला वाचून दाखवला. दाखवायला नको होता, पण माझं तोंड कधी वेळेवर बंद राहिलंय?

वहिनीनं मोबाइलकडं पाहिलं, मूर्तीकडं पाहिलं. "आता खाटेवरही नाही तो," ती म्हणाली, आणि आवाज एकदम बारीक झाला. "दादा, ऑपरेशनची खोली कितव्या मजल्यावर आहे?"

मला माहीत नव्हतं. लेईला विचारलं, त्याचं उत्तर येईना. ती थांबली नाही. कपाळ पुन्हा जमिनीला लावलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. फान देशंग, ड्रॅगनचं वर्ष, तिसरा महिना, सतरा. सेविकेनं हात सोडला आणि रांगेला दुसऱ्या चटईकडं वळवलं. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले, पिशवीतल्या फायलीतून त्याचा क्रमांक शोधला आणि तिच्या मागून एकेक आकडा वाचत गेलो, एखादा तिच्याकडून सुटला असेल तर.