जावयाला ठसकाच लागेना

आता काय सांगू तुम्हाला! खोकल्यामुळे पकडले गेलेले सिगरेटवाले पुष्कळ पाहिले असतील तुम्ही. पण न खोकल्यामुळे पकडला गेलेला माणूस बहुधा मी एकटाच. हसू नका, चहा सांडेल.

मी मोखाड्यात कारकून. बायको सुमन जव्हारकडच्या एका उपकेंद्रात नर्स. तिचे वडील विडीपायी खोकून खोकून गेले. म्हणून लग्न झाल्यावर तिने माझ्याकडे हट्टाने एकच गोष्ट मागितली: सिगरेट सोडा. मी सोडली. म्हणजे, सोडली असं सांगितलं. तिने ते कौतुकाने आईला सांगितलं आणि सासूबाईंनी साखरशेतच्या अख्ख्या पाड्याला. एवढा विश्वास टाकणारी माणसं मिळायला भाग्य लागतं हो! आणि माझे धंदे बघा.

गेल्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो. खिशात पाकीट. ओढायची कुठे? घरामागे संडास आहे, पण त्यातून धूर निघाला तर काय सांगणार? मी पोट धरलं, डबा भरला आणि "मला आपलं मोकळ्यावरच जमतं" म्हणत खाचराच्या पलीकडे गेलो. दुपारपर्यंत चार फेऱ्या झाल्या. मला वाटलं कोणाचं लक्ष नाही. सासूबाई मोजत होत्या!

"जावयाचा पोट बिघडलाय," त्यांनी जाहीर केलं.

झालं! घरात गावठी कोंबडा शिजलेला आणि माझ्यापुढे आली नाचणीची पेज. समोर मेहुणा नळी चोखतोय आणि मी पेज फुंकतोय. या दुःखावर उतारा म्हणून मी पाचव्यांदा डबा उचलला.

"आता मात्र नजरच लागली!" सासूबाईंनी डबा हिसकावला आणि मला चुलीसमोर पाटावर बसवलं. मूठभर मीठ-मोहरी, सात सुक्या मिरच्या. डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं आणि टाकलं चुलीत.

काय तो धूर! मेहुणा खोकत अंगणात पळाला. सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा. सुमन पदरात तोंड खुपसून खोकतेय. शेजारची म्हातारी तर कुंपणापलीकडून शिव्या देत होती. आणि मी? पाटावर शांत बसलेला.

"तुमाला ठसका नाय लागला?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! जरासुद्धा नाही," मी ऐटीत म्हणालो. वाटलं, जावयाच्या दमाचं कौतुक होईल.

"बाय गं! जबर नजर!"

सुमन मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच जवळ येऊन म्हणाली, "अहो, मिरचीचा धूर आणि सिगरेटचा धूर घशातल्या त्याच नसांना झोंबतो. त्या नसा बोंब मारतात, म्हणून माणूस खोकतो. रोज धूर ओढणाऱ्याच्या नसा बोंब मारून मारून थकतात. मग त्याला ठसका लागत नाही."

"असं?" मी म्हणालो. आता पोटात खरोखरच कळ आली.

"आई, परत एकदा उतरव," सुमन म्हणाली.

मी मनाशी पक्कं केलं, या खेपेला असं खोकायचं की पाडा गोळा झाला पाहिजे! डोळे गच्च मिटले. चुलीत तडतड झाली मात्र, मी सुटलोच. खो खो खो! छाती पिटली, पाटावरून लोळलो, पाणी मागितलं, मेहुण्याच्या गळ्यात पडून "मेलो, मेलो" केलं.

मग एक डोळा उघडला. दुसरं कोणीच खोकत नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "जावयबापू, मी तं नुसता मीठच टाकला. मिरची अजून माझे मुठीत आहे."

सुमन हसली नाही हो. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते धुराने नव्हते. रागावली असती तर परवडलं असतं. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. मी उठलो, खिशातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर चुलीत टाकलं.

"आता खरंच सोडली," मी म्हणालो.

"बघू," म्हणताना तिला हसू फुटलं, आणि तेवढ्यात पाकिटाने पेट घेतला. धूर घरभर झाला. सुमन खोकली, सासूबाई खोकल्या, मेहुणा पुन्हा अंगणात पळाला.

सगळे खोकले. मी सोडून.