सही सरांची, चूक माझी

करांडेसरांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स नुकताच झाला होता आणि कुंडलहून एसटीने सांगलीला येताना पाटीसारखी छातीशी धरलेली प्रमाणपत्रांची फाइल घामाने ओली झाली होती. गावभागातल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात सर नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये बसले होते. फाइल त्यांनी उघडलीच नाही. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "कुंडलच्या एसटी स्टँडपासून तुझ्या घरापर्यंतचा रस्ता काढ."

मी पट्टी लावून, सुबक अक्षरात नावं घालून, फार झकास नकाशा काढला. सरांनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "रोज अशीच जातेस?" आता खोटं काय बोलणार? मी म्हटलं, "नाही सर. पाटलांच्या गोठ्यामागून बोळ आहे, तिथून जाते. लवकर पोचते." सरांनी दुसरा कोरा कागद दिला. "मग ते काढ. गाव कसं असायला हवं ते नंतर बघू. आधी ते कसं आहे ते कळू दे." गोठ्यामागच्या त्या वाकड्यातिकड्या बोळाने मला नोकरी दिली, आणि पंचवीस वर्षं झाली तरी मी अजून तिथेच आहे.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर, त्यांनी केलेल्या विकास आराखड्यांवर अनेक जाणकारांनी लिहिलं आहेच. मी आपली टेबलामागची बाई. नगररचना सल्लागार गिऱ्हाइकाशी कसा वागतो, एवढंच मी जवळून पाहिलं, तेवढंच सांगते.

मुळात 'गिऱ्हाईक' हा शब्द सर वापरत नाहीत. फोन ठेवला की विचारतात, "कुणाचं गाव आलंय?" मग ती नगरपरिषद असो, साखर कारखान्याची वसाहत असो, की दोन एकरांत प्लॉट पाडायला निघालेला शेतकरी. पहिल्या बैठकीत नकाशा उघडायचा नाही हा कार्यालयाचा नियम. आलेल्या माणसाने बोलायचं, आम्ही चहा द्यायचा आणि ऐकायचं. मुख्याधिकारी घड्याळाकडे बघायला लागले तरी सरांचं ऐकणं संपत नसे. आमच्यातला एक जण वैतागून म्हणायचा की आपण नगररचनाकार नाही, भजनी मंडळ आहोत. सरांनी ते ऐकलं आणि त्याला पुढच्या बैठकीत टिपणं घ्यायला बसवलं. महिन्याभरात तोच गडी लोकांना "आणि मग काय झालं?" असं विचारू लागला.

इस्लामपूरकडचे एक बागायतदार आले होते. रस्ते बारीक करा, दोन प्लॉट जास्त बसवा, हा त्यांचा हट्ट. मी मनात म्हटलं, आता सर नियमांचं पुस्तक काढणार. सरांनी विचारलं, "मुलगी आहे तुम्हाला?" आहे म्हणाले. "तिचं लग्न याच घरातनं करणार ना? मग वऱ्हाडाची बस कुठनं आत आणणार ते या कागदावर दाखवा." पाहुण्यांनी बराच वेळ पेन फिरवलं, बस काही वळेना. शेवटी हसून म्हणाले, "घ्या सर रुंद. लय हेकेखोर हायसा तुमी." सर हेकेखोर आहेतच, त्यात शंका नाही.

माझी मुलगी लहान होती तेव्हा कितीतरी दुपारी ती सरांच्या घरी, काकूंच्या ताटात जेवली आहे. आपण उपकार केले हे सरांनी किंवा काकूंनी कधी जाणवू दिलं नाही. उलट काकू म्हणायच्या, "ती आल्यामुळे हे वेळेवर जेवतात तरी." म्हणून तर पुढची हकीकत लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ही हकीकत या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात सर ती स्वतःच सांगतात, 'माझी सर्वांत मोठी चूक' म्हणून. पण ती अर्धीच सांगतात.

विट्याच्या बाजूला एक गाव नव्याने नगरपंचायत झालं होतं आणि त्याचा आराखडा आमच्याकडे आला. सरांच्या शिस्तीप्रमाणे गावातला प्रत्येक तुकडा पायी पाहून त्याचं पाहणी पत्रक भरायचं. पूर्वेकडचा माळ माझ्याकडे होता. थंडीचे दिवस होते. त्या दिवशी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, ती नाचणार होती, आणि मला तीनची एसटी गाठायची होती. ड्रोनची छायाचित्रं हातात होतीच. त्यांत माळावर छप्पर नसलेल्या दगडी भिंती आणि काही गोल कुंपणं दिसत होती, माणूस एकही नव्हता. मी डांबरी रस्त्यावर उभी राहिले, लांबूनच बघितलं, आणि पत्रकावर लिहिलं, 'पडीक जमीन, जुने अवशेष.' एसटी मिळाली. मुलीचा नाचही पाहिला.

त्या पत्रकावरून माळावर भाजी मंडईचं आरक्षण पडलं. सरांनी सही केली.

आराखडा प्रसिद्ध होण्याआधी तो गावाला दाखवायचा, हा सरांचा आणखी एक नियम. कायद्यात नसलेला. शाळेच्या सभागृहात जमिनीवर मोठा नकाशा पसरायचा आणि ज्याने त्याने आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवायचं. जूनच्या अखेरीस आम्ही तसा तो पसरला. लोक ओणवे होऊन हसतखिदळत घरं शोधत होते. नऊवारी नेसलेली एक म्हातारी मात्र नकाशाभोवती तिसरी फेरी घालत होती. तिचं नाव ठकूबाई.

"समद्यांची गावली. माजंच घर गावंना," ती म्हणाली.

माळाकडची बाजू तिने दाखवली. शाळेतल्या गुरुजींनी वाकून वाचलं, "आक्का, हितं भाजी मंडई लिवलीया."

"आन आमी?"

गुरुजी आमच्याकडे बघू लागले. मग तिनेच सांगितलं. दिवाळी झाली की ती सगळी वस्ती मेंढरं घेऊन खाली बागायतीकडे उतरते. जाताना घरांचे पत्रे काढून ओळखीच्यांकडे ठेवतात, पाऊसकाळ आला की परत येऊन चढवतात. मला जी गोल कुंपणं अवशेष वाटली होती, ते रात्री मेंढरं कोंडायचे वाडगे होते.

"कुनी लिवलं ह्ये?" तिने विचारलं.

मी चार हातांवर उभी होते. वाकून नकाशाची मुडपलेली कडा सरळ करू लागले. सर गुडघे टेकून नकाशाजवळ बसले आणि म्हणाले, "मी. सही माजी हाय, आक्का."

सरांच्या तोंडून ती बोली मी तोवर कधी ऐकली नव्हती.

"तुमी कुठलं?"

"जत अंगाच्या धनगरवस्तीवरचा. आमची बी मेंढरं व्हती."

ठकूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग तुला तरी ठावं आसाया पायजे व्हतं रं."

"व्हय. चुकलं माजं," सर म्हणाले.

 परतताना गाडीत मी रडत होते आणि ते सरांना दिसत होतं. सांगली आली तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी परत जायचंय. बूट घालून ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवरच्या एकेका भिंतीचं माप घेतलं. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं सरांकडे. साठी ओलांडलेला माणूस दगडगोट्यांतून दिवसभर फिरला. ठकूबाईंनी दुपारी भाकरी आणि खर्डा दिला. सरांना त्यांनी जवळ बसवून वाढलं, मला जरा लांबूनच.

पण खरी अडचण पुढे होती. मंडई त्याच माळावर होणार असं नगराध्यक्षांनी गावाला सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "सर, नकाशा हाय तसा जाऊ द्या. ती मानसं वरसातलं सात-आठ म्हैनं हितं नसत्यातच. हरकत घ्यायला कोन येतंय?" ते खोटं नव्हतं. आराखडा दिवाळीनंतर प्रसिद्ध होणार होता, हरकती घ्यायच्या दिवसांत वस्तीवर चिटपाखरू नसणार होतं, आणि त्या घरांवर कायमची मंडई बसणार होती. नगरपंचायतीला दुखवलं तर आमच्या हातातलं कामही जाणार होतं. सर म्हणाले, "अध्यक्ष, जरा पाय मोकळे करून येऊ."

फिरत फिरत सरांनी त्यांना त्यांच्याच गल्लीत आणलं. तिथे एकापुढे एक टोलेजंग घरं होती, संगमरवरी पायऱ्यांची, आणि निम्म्याहून अधिक दारांना कुलपं. सोन्याच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, अर्धं गाव देशभर पांगलेलं.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

"धाकट्या भावाचं. कोइमतूरला आसतोय."

"आणि हे?"

"चुलत्याचं. त्ये विजयवाड्याला."

"घरी कधी येतात?"

"जत्रंला. दहा-बारा दीस."

सर तिथेच थांबले. "मग ही गल्ली आम्ही पडीक दाखवायची का?"

अध्यक्षांनी भावाच्या दाराचं कुलूप हातात धरून पाहिलं. त्यांनी स्वतः ऐन उमेदीची वर्षं भट्टीपुढे, परमुलखात काढली होती. मग म्हणाले, "सर, लय वंगाळ जागी धरलंसा." मंडई बाजारतळाच्या मागे सरकली आणि माळावर घरं आली, वाडग्यांसकट. आराखडा मंजूर होऊन आला, त्यातही ती आहेत.

माझ्या पत्रकाची गोष्ट वगळता इथवर सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते हे, की चूक मुळात कुणाची याची चौकशी करायला सरांना फार लांब जावं लागलं नव्हतं. त्या आठवड्यात माझं पाहणी पत्रक माझ्याच टेबलावर ठेवलेलं मला मिळालं. सरांच्या तांबड्या पेन्सिलीतून कार्यालयाचा एकही कागद सुटत नाही, पण या कागदावर एकही खूण नव्हती. 'जागेवर किती वेळ थांबलात' हा रकाना मी कोरा सोडला होता, तो कोराच होता. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि पुढच्या गावाची सगळी पाहणी माझ्या एकटीच्या हाती दिली. त्या गावात मी पाय दुखेपर्यंत चालले.

तेव्हापासून सर एकामागून एका वर्गात 'माझी चूक' सांगत आले आणि मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून ऐकत आले. लोक टाळ्या वाजवायचे. दर वेळी वाटायचं, आज उठून सांगावं. धीर झाला नाही. सरांनी पाठीशी घातलं ते माया म्हणून, आणि मी तिचा आडोसा केला याची मला लाज वाटते.

छापायला देण्याआधी हा लेख मी सरांना घरी जाऊन वाचून दाखवला. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. सर डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि तांबडी पेन्सिल मागितली. स्नेहसंमेलनाच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हे काढ. सही करणाऱ्याने बघायचं असतं. आणि पोर नाचायची होती तुझी."

पंचवीस वर्षांत सरांची एकही दुरुस्ती मी नाकारलेली नाही. ही नाकारते. तो परिच्छेद मी होता तसाच छापायला दिला आहे. सरांना ग्रंथ हातात पडेल तेव्हाच हे कळेल आणि ते संतापतील. त्यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे साथ देत राहोत, काकूंच्या हातचं वेळेवर पोटात जावो, आणि या एका कागदाबद्दल मला रागवायला ते अजून पुष्कळ पुष्कळ वर्षं असोत.