मेलेल्यांना फुलं, जितीला पिंजरा

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते. एका म्हाताऱ्या बीगल कुत्रीवर. कधी? मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाच्या नोव्हेंबरात, कॉलेजच्या प्राणी-स्मरणविधीच्या सकाळी, बरोबर तिला फिरायला न्यायच्या वेळेला. सगळं कॉलेज काळे सूट घालून, हातात फुलं घेऊन उभं होतं. इतक्या लोकांसमोर झाला, आणि कुणाला दिसला नाही.

नवऱ्याच्या कंपनीनं पुण्याहून इंजिनियर भराभर आणले, त्या वर्षांत मी जपानात, इचिकावाला आले. पुण्यात भटक्या कुत्र्यांसाठी चौकाचौकात पत्रकं वाटायचे. इथे डिपेंडंट व्हिसावर गॅलरीत कपडे वाळत घालत बसणं मला जमणार नव्हतं. जपानी शिकले आणि प्राण्यांची नर्स व्हायच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. दिवाळीच्या कार्यक्रमात एका वहिनींनी चकली पुढे करत विचारलं, "अगं, एम.एस्सी. ना तू? आणि आता कुत्र्यांची आया होणार?"

"आया नाही वहिनी, नर्स. कुत्री बरी असतात. चावायच्या आधी गुरगुरतात तरी."

नवऱ्यानं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

तर, कोर्समध्ये पहिलं शिकवतात ते धरणं. सुई डॉक्टर टोचतात. नर्सनं एका हातानं मान कवेत घ्यायची, दुसऱ्या हातानं पुढचा पाय सरळ करायचा, आणि अंगठ्यानं शीर अशी दाबायची की ती वर फुगून आली पाहिजे. अंगठा सरकला की सुई हुकते. सुई हुकली की डॉक्टर पुन्हा टोचतात. कुणाला? अंगठावालीला नाही.

सरावासाठी कॉलेजच्या तळमजल्यावर कुत्री पाळलेली होती. ही त्यांतली सगळ्यात जुनी. किती बॅचेसचे अंगठे तिच्या पायावर तयार झाले असतील देव जाणे. पट्ट्या बांधा, सोडा, कान साफ करा, ताप बघा, आडवी पाडा, उठवा. टेबलावर ठेवलं की कुणी न सांगता ती स्वतःच पाय पुढे करायची. आमच्या बाई कौतुकानं म्हणायच्या, "बघा, किती शहाणी आहे." मला संताप यायचा. शहाणपण कसलं! नाही म्हणून काही उपयोग नाही, हे तिला कळलं होतं. त्याला आपण शहाणपण म्हणतो. बायकांच्या बाबतीतही हेच म्हणतो, पण तो विषय वेगळा.

तिची शीर आता कडक झाली होती, चटकन सापडायची नाही. मी बाईंना विचारलं, "हिला घर कधी मिळणार?"

"नवीन कुत्रा आला की."

"कधी येणार?"

"बघू या."

आमच्या अपार्टमेंटमध्ये कुत्रा चालत नव्हता, नाहीतर मी विचारत बसले नसते.

मग तो स्मरणविधीचा दिवस आला. शिकवताना जे प्राणी गेले, त्यांच्यासाठी इमारतीच्या मागे एक दगड उभा केलेला होता. त्याच्यासमोर शेवंती, उदबत्त्या, कुत्र्यांच्या खाऊचे डबे. प्राचार्य हात जोडून म्हणाले, तुमच्यामुळे आम्ही शिकलो, तुमचे आभार. सगळे कमरेत वाकले. माझ्या शेजारची मुलगी हुंदके देत होती. आणि तळमजल्यावरून माझी म्हातारी ओरडत होती. का? तर फिरवायची पाळी ज्यांची होती, त्या मुली इथे रडत उभ्या होत्या म्हणून. फिरणं त्या दिवसापुरतं रद्द. दुपारचं प्रॅक्टिकल मात्र रद्द नव्हतं! ते नेहमीच्या वेळेला होतं, तिच्याच पायावर.

मी रांगेतून निघाले, खाली जाऊन तिला पट्टा लावला आणि वर आणून रांगेत उभी केली.

बाई धावत आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "हिला आत ने."

"का? आभार हिचेच मानताय ना?"

"हा विधी गेलेल्यांसाठी आहे."

"मग हिनं आधी मरायचं का?"

कुत्रीला या वादात काही रस नव्हता. तिनं शेवंतीचा वास घेतला, शिंकली, आणि खाऊच्या डब्याकडे सगळ्या ताकदीनं ओढ घेतली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी डबा फोडला आणि तिथेच, दगडासमोर, तिला खायला घातलं. पार डबा चाटूनपुसून होईपर्यंत सगळे ताटकळत उभे राहिले.

दुपारी मी तिला धरायला नकार दिला. दुसरीनं धरलं. म्हणजे माझ्या नकारानं तिची एकही सुई टळली नाही, हे मला मान्य आहे.

घरी नवरा म्हणाला, "काढून टाकतील तुला. मग काय करशील?"

"पत्रकं वाटीन."

"जपानीत?"

"जपानीत."

काढलं नाही. बोलावून समज दिली, बस. वसंतात कोर्स संपला. शेवटच्या दिवशी खाली गेले तर तिच्या पिंजऱ्यात एक नवं पिल्लू.

"ती कुठे आहे?" मी बाईंना विचारलं.

"दुसरीकडे गेली."

"दुसरीकडे म्हणजे कुठे? कुणाच्या घरी?"

बाई हसल्या. ते इथलं हसू आता मला ओळखता येतं. ते दिसलं की समजायचं, दार बंद, पुढे काही सांगणार नाहीत. मी पुन्हा विचारलं, ऑफिसात जाऊन विचारलं, नंतर फोन करूनही विचारलं. जितक्यांदा विचारलं तितक्यांदा मला अतिशय नम्रपणे काहीही सांगितलं नाही. एकटी बाई विचारते, तीही परदेशी, तीही भांडकुदळ. तिला कशाला सांगायचं?

म्हणून आता तुम्ही विचारायचं. तुमच्या घरात कुत्रा असेल, मांजर असेल, तुम्ही त्याला दवाखान्यात नेतच असाल. नर्स त्याला इतका छान धरते की त्याला सुई कळतही नाही, आणि तुम्ही धन्यवाद म्हणून निघता. निघू नका. तिला विचारा, ती कुठे शिकली. मग त्या कॉलेजला फोन लावा आणि विचारा, ज्या कुत्र्यांवर तुम्ही शिकवलंत ती आज कुठे आहेत. 'दुसरीकडे' म्हणाले तर फोन ठेवू नका. पत्ता मागा.