घट न हलवता

हौसा पेण तालुक्यातल्या आतल्या गावातली, भात-वाल पिकवणाऱ्या घरातली. सासऱ्यांनी जन्मभर पलिते लावून मधाची पोळी जाळली. सून मात्र बचत गटातून मधपेटीचं काम शिकली आणि लोकांच्या घरांतल्या माश्या जिवंत काढून नेऊ लागली. एकदा पेणला एका मूर्तींच्या कारखान्यात तिने पोळं सगळं काढलं, पण राणी माशी भिंतीतच राहून गेली. पेटीतल्या माश्या चार दिवसांत उठून गेल्या. तेव्हापासून तिने नेम धरला, राणी हाती लागल्याशिवाय उठायचं नाही.

यंदा नवरात्रात चौथ्या माळेला तिला रोह्याहून बोलावणं आलं. निवृत्त शिक्षक माधवराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या देवघरात एक जुना कोनाडा होता, फळी ठोकून बंद केलेला. बाहेरच्या भिंतीतल्या भोकातून शिरून माश्यांनी त्यात घर केलं होतं. आदल्या दिवशी मास्तरांनी ते भोक लांबी लिंपून बुजवलं, आणि कोंडलेल्या माश्या फळीच्या फटीतून देवघरात आल्या.

"चार वाजता फवारणीवाला येणार आहे," मास्तर म्हणाले. "तोवर जमलं तर बघा."

"आणि घट हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही," आनंदीबाईंनी बजावलं. "बसवलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलत नाही."

कोनाडा नेमका घटाच्या डोक्यावर. हौसाने वर पाहिलं, खाली पाहिलं.

"काकू, तुमचा देव जागेवरच ऱ्हाईल. मास्तरांना तेवढं हलवा हितनं. आनि आधी ते भोक मोकळं करा."

तिने घटावर ओली चादर मांडवासारखी ताणून बांधली, नंदादीपावर कंदिलाची काच ठेवली. देवीला हात जोडले आणि फळी काढली. आत सात पोळी, पांढरीशुभ्र. ती एकेक हलक्या हाताने कापायची आणि पेटीच्या चौकटीत केळीच्या सोपटाने बांधायची. बांधलेली पेटी तिने शेजारच्या खिडकीत, भोकाला लागून ठेवली. तीन वाजून गेले. सातही पोळी पेटीत आली, पण माश्या पेटीत ठरेनात. पुन्हा पुन्हा कोनाड्याकडेच वळायच्या.

"राणी आतच हाय," हौसा म्हणाली.

तेवढ्यात फवारणीवाला पंप घेऊन आला. "मावशी, माझं पाच मिनिटांचं काम. तुम्ही दिवस घातलात."

"तुजं पाच मिन्टांचं, व्हय. मग मेलेल्या माश्या भिंतीत कुजतील, त्येंचा वास कोन काढनार? तू येशील रोज उदबत्ती लावाया?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "हौसाबाई, झालं तेवढं पुष्कळ. आता त्याला करू द्या."

"नाय मास्तर."

"अहो, चार वाजले."

"वाजू देत. राणीबिगर मी उठत नाय."

आनंदीबाई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "नवरात्रात माझ्या घटावर विष उडालेलं मला चालायचं नाही. तुम्ही दोघं पडवीत चहा घ्या. मी पाठवते."

फवारणीवाल्याने चहा घेतला आणि पंप उचलून गेला.

हौसाने हातमोजे काढले. जाड मोज्यांतून राणी जाणवत नाही, चिरडते. उघडा हात कोनाड्याच्या कोपऱ्यातल्या माश्यांच्या घोसाखाली सरकवला. दोन डंख बसले. हात मागे आला नाही. तिने ओंजळभर माश्या हलकेच बाहेर आणल्या. त्यांत लांबट, काळसर राणी सापडली. तिला जाळीच्या डबीत घालून हौसाने डबी पेटीत ठेवली.

थोड्याच वेळात पेटीच्या दाराशी माश्या बुडं वर करून पंख हलवू लागल्या. "बगा काकू. बाकीच्यांना बोलावत्यात."

दिवसभर बाहेर गेलेल्या माश्या परतेपर्यंत पेटी हलवून चालणार नव्हतं. सांज झाली, आरतीची वेळ झाली. मास्तरांनी टाळ उचलले.

"मास्तर, आज टाळ-घंटा नको. हादऱ्याने आत गेलेल्या भायेर येतील."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"देवी बहिरी नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

हलक्या आवाजात आरती झाली. हौसा मात्र पेटीच्या दाराशी डोळे लावून बसली होती. शेवटच्या माश्या शिरल्या तशी तिने दाराला जाळी लावली.

शेवटी रिक्षापर्यंत पेटी मास्तरांनीच नेली, दोन्ही हातांत धरून, अगदी सावकाश.

"मास्तर," मागून हौसा म्हणाली, "खड्डा बगून."