चिठ्ठ्या नसलेले डबे

मुकुंदकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर त्यांनीच शिकवलेली स्क्रिप्ट चालू होती. शैलाबाईंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, मेसेज. त्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे पूर्णविरामांसकट. ‘हे आज पहाटे गेले. झोपेतच. तू सावकाश ये.’ मी मोहन्याहून निघून डोंबिवलीला पोचले, पण तिथे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आताही नीट सुचतंय असं नाही...

काका घोडबंदर रोडच्या एका कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रामर होते. रोजच्या ट्रॅफिकला वैतागून त्यांनी नोकरी सोडली आणि घरचा स्वयंपाक हाती घेतला. बाई शाळेत, काका ओट्यापाशी. आमच्या कॉलेजात ते एकदा व्याख्यानाला आलेले. नंतर मी धीर करून विचारलं, “सर, माझा प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवर चालतो, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नाही. असं का?” ते म्हणाले, “सर नको, काका म्हण. रविवारी घरी ये. लॅपटॉप आण, आणि भूकही आण.”

माझा प्रोजेक्ट म्हणजे मराठी जोडाक्षरं पडद्यावर नीट दाखवणारा प्रोग्राम. त्यासाठी एक तयार लायब्ररी लागायची. माझ्याकडे उबंटू, कॉलेजात फेडोरा; दोन्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचेच प्रकार, पण तिथे प्रोग्राम जुळवून देणारी माझी स्क्रिप्ट ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबायची. परीक्षकांसमोर चालला नाही तर वर्ष जाणार होतं. आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पप्पांनी रिक्षा स्टँडवर मला आधीच इंजिनीयर करून टाकलेलं.

काकांकडे तीन जुने लॅपटॉप होते. थोरली, मधली आणि धाकटी. प्रत्येकीवर वेगळं लिनक्स. “सुना आहेत माझ्या,” ते म्हणायचे. “मीठ तिघींकडे आहे, पण प्रत्येकीची जागा वेगळी.” मी लायब्ररीच्या फाइलचा पत्ता पाठ केल्यासारखा स्क्रिप्टमध्ये लिहिलेला. थोरलीवर चालला नाही, म्हणून थोरलीसाठी वेगळी अट लिहिली. मग मधलीसाठी. मग धाकटीसाठी. तिन्ही चालल्यावर मी खुशीत वर बघितलं, तर काकांनी तोवर थोरलीवर चौथंच लिनक्स घातलेलं.

“काका, हे चीटिंग आहे!”

“अगं, ही स्क्रिप्ट आहे की लग्नातली मानपानाची यादी? उद्या पाचवी सून आली की रुसणारच.” आणि माझ्या पानात थालीपीठ पडलं. प्रत्येक अपयशाला एक थालीपीठ असा त्या घरचा नियम होता. त्या काळात माझं वजन बरंच वाढलं.

मग त्यांनी समजावलं. लायब्ररी म्हणजे डबा, हेडर फाइल म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. आत काय आहे ते कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणारा, चिठ्ठी वाचूनच ओळखतो. कधी डबा असतो पण चिठ्ठी नसते, ती वेगळी आणावी लागते. “आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे उघडत फिरायचं नाही. विचारायचं. पीकेजी-कॉन्फिग नावाचा छोटा प्रोग्राम असतो, त्या घरात काय कुठे ठेवलंय ते त्याला ठाऊक असतं. नसेल तर नुसतं ‘नाही’ म्हणून तोंड फिरवायचं नाही. काय आणायचं तेही सांगायचं.”

बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या, “अहो, मग आपल्या डब्यांवर चिठ्ठ्या का नाहीत? मला या घरात साखर सापडत नाही.”

“घरात मी आहे ना विचारायला!” काका म्हणाले.

परीक्षा ते गेल्यानंतर झाली. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट थांबलीच. पण पडद्यावर मीच लिहिलेली ओळ आली: ‘हेडर फाइल सापडली नाही. कृपया हे पॅकेज आणा’, आणि खाली पॅकेजचं नाव. परीक्षक हसले. म्हणाले, “चला, कोणीतरी कारण तरी सांगतंय.” लॅबच्या दादांनी पॅकेज घातलं, आणि ‘ज्ञानेश्वरी’मधला ‘ज्ञ’ न तुटता पडद्यावर उमटला. मला रडू आलं. परीक्षकांना वाटलं, मार्कांचं आहे.

पास झाल्याचं सांगायला मी बाईंकडे गेले. त्या चहा करायला उठल्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि सवयीने हॉलकडे बघून म्हणाल्या, “अहो, साखर कु...”

मी दारातच होते. “वरच्या फळीवर, डावीकडे. बिस्किटांच्या चौकोनी डब्यात.”

त्यांनी डबा काढला. बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, “आणि चहा?”

ते मात्र मलाही माहीत नव्हतं. चहा कायम काकांनीच केलेला. मग आम्ही दोघी एकेक डबा उघडत फिरलो, अगदी त्यांनी नको म्हटलं होतं तसं. पोहे निघाले, कोकमं निघाली, एका डब्यात तर माऊस निघाला. बाईंना हसू आवरेना. शेवटी चहा सापडला.

“चिठ्ठ्या लावून देऊ का?” मी विचारलं. वहीतलं पान फाडलंसुद्धा.

बाईंनी ते पान घडी करून वहीत परत ठेवलं. मग म्हणाल्या, “राहू दे. तू रविवारी येतेस ना?”

मी जाते. थोरली, मधली, धाकटी अजून जेवणाच्या टेबलावर असतात, आणि डबे तसेच कोरे. परवा मी कॉलेजात असताना बाईंचा फोन आला. हॅलोसुद्धा नाही, नुसतं, “रेश्मा, हिंग?”

“खिडकीजवळ, काचेच्या बरणीमागे,” मी म्हटलं.